प्रागमध्ये भोंगा झाला तेव्हा

मी परदेशात एकदाच गेले आहे, आणि तिथं काय काय पाहिलंस असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. पूल पाहिला, जुनं घड्याळ पाहिलं, किल्ला पाहिला. फोटो आहेत. फोटोंत मी उभी आहे, म्हणजे पाहिलंच असणार. आमच्याबरोबर आलेल्या मुलांना अजून प्रागच्या गल्ल्या पाठ आहेत, कुठल्या वळणावर गरम गोल ब्रेड मिळायचा तेही ती सांगतात. मला आठवतं ते एका हॉस्टेलचं तळमजल्यावरचं स्वयंपाकघर आणि त्यात शिजत आलेला भात.

आमचं घर महाडला, बाजारपेठेच्या मागच्या उतारावर. त्या गल्लीचा मान असा की पुराचं पाणी आधी आमच्याकडे येतं आणि मग गावात जातं. बाबांची भातशेती नाते गावात, तिथं ते रोज जाऊन येऊन करायचे. राहायचं महाडात, कारण आई ब्लाउज शिवायची आणि गिऱ्हाईक इथलं. पावसाळ्यात सावित्री वाढली की नगरपालिकेचा भोंगा होतो. बाहेरच्या माणसाला तो ऐकून धडकी भरते. आम्ही लहानपणी त्याच्यावर वैतागायचो, कारण भोंगा झाला की आई कुणाला बसू द्यायची नाही.

आईची एक पद्धत होती. आधी मीटरचा मेन बंद. मग गॅस बंद करून सिलिंडर खिडकीच्या गजाला दोरीनं बांधायचा, कारण सिलिंडर तरंगतो आणि घरभर भांडी फोडत फिरतो. मग तांदळाचा डबा पोटमाळ्यावर, मग शिवणयंत्राचं डोकं, मग कागदपत्रांची पिशवी, मग देव. मग मी. दादा मुंबईला नोकरीला लागला तेव्हापासून उचलाउचलीचं काम माझ्याकडे आलं होतं. आई मात्र वर चढायची नाही. तिला ऐन वेळी स्वयंपाकघरात काहीतरी आठवायचं. लोणच्याची बरणी, विरजण, काहीही. बाबा शिडीला हात लावून खाली उभे राहायचे आणि आत बघून म्हणायचे, "झालं का गो तुझं?" आतून आवाज यायचा, "झालं, झालं." हे चार-पाच वेळा व्हायचं. शेवटी ती यायची, चढायची, तिच्यामागून बाबा. बहुतेक वेळा पाणी पायरीला लागून परत जायचं आणि आम्ही सगळं सामान पुन्हा खाली उतरवायचो.

त्या वर्षी ते परत गेलं नाही. पोटमाळ्याच्या फळीला हात लावून थांबलं. आम्ही तिघं वर बसून होतो आणि खाली आमच्याच घरात कपाट हलल्याचा आवाज येत होता. पण त्या पुरात आम्हाला कुणाला काही झालं नाही, हे नीट सांगायला हवं. पाणी गेलं, गाळ राहिला. गुडघाभर, काळा, वास मारणारा. आई पदर खोचून त्यात उतरली आणि घर धूत राहिली. भिंती तिनं हात पोचेल तिथपर्यंत पुसल्या. त्याच्या वर गाळाचा पट्टा तसाच राहिला. स्टूल आणून नंतर पुसू म्हणाली. नंतर तिला ताप आला. डॉक्टरांनी सांगितलं, लेप्टो, पायाला कुठं जखम असेल, तिथून गाळातलं शिरलं. गावात तेव्हा बऱ्याच जणांना तो ताप होता आणि बरेच जण बरे झाले. आई झाली नाही.

मी रडले नाही. मुद्दाम नाही; येत नव्हतं. बाराव्याला तुडीलची आत्या मला जवळ घेऊन बसली, पाठीवरून हात फिरवला, बराच वेळ वाट पाहिली आणि मग बाहेर जाऊन बायकांना म्हणाली, "पोर दगड झालीय गो." मला ते ऐकू आलं आणि वाईट वाटलं नाही. भूक लागली होती, मी जेवले. पुढं परीक्षा दिली, पासही झाले. लोक माझ्याशी हळू आवाजात बोलायचे आणि मला त्यांचा कंटाळा यायचा. आई नाही हे मला माहीत होतं, जसं आपल्याला देशाची राजधानी माहीत असते.

घराचा प्रश्न त्यानंतर निघाला. दादाचं म्हणणं, घर विकून बाबांनी आणि मी त्याच्याकडे मुंबईला यावं. फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे. तो फोनवर एकदा ओरडला, "ह्या घरानं आईला खाल्लं, आणखी कुणाला खायची वाट बघताय?" बाबा म्हणाले, "घरानं नाय रे. चिखलानं." आणि फोन माझ्याकडे दिला. बाबांनी घराला रंग दिला नव्हता. आईनं पुसलेली भिंत खाली, तिच्या वर गाळाचा पट्टा, असंच ते घर उभं होतं. विकायचं नाही असंही ते म्हणत नव्हते. दोघांनी शेवटी ठरवलं की मी सांगेन तसं करायचं. गिऱ्हाईक आलं होतं, दिवाळीपर्यंत थांबायला तयार होतं. दादा म्हणाला, तू ठरव. बाबा म्हणाले, तू ठरव. मी म्हणाले, काहीही चालेल. आणि मला खरंच काहीही चाललं असतं. त्या दोघांना वाटायचं मी तोलून मापून विचार करतेय. माझ्या डोक्यात काही नव्हतं.

अशात कॉलेजची सहल निघाली. इतिहास विभागाला प्रागच्या एका संस्थेचं निमंत्रण होतं, जुनी शहरं कशी जपतात ते पाहायला. आमच्या कॉलेजातून याआधी परदेशात कुणी गेलं नव्हतं. पुण्याहून आलेल्या मॅडमनी सगळी खटपट केली होती. महाडमधली आम्ही काही जणं, आणि पोलादपूरकडची तीन-चार मुलं, डोंगरातल्या वाड्यांमधली. त्यांचे वडील-काका मुंबईत, त्यामुळे ती आमच्यापेक्षा धीट होती, विमानतळावर हिंदीत बोलायची. मी जाते म्हणाले, कारण नाही म्हणायला कारण सापडलं नाही. बाबांना बरं वाटलं. "जाऊन ये," म्हणाले, "आल्यावर बघू घराचं."

म्हणजे माझ्याकडे तेवढे दिवस होते.

प्राग सुंदर आहे असं सगळे म्हणत होते. असणारच. ऑक्टोबर होता, झाडं पिवळी झाली होती, थंडी अशी की नाकाचं टोक आपलं वाटत नव्हतं. आम्हाला त्यांचा किल्ला दाखवला. उशाला रायगड घेऊन वाढलेली आमची मुलं. चढ फारसा नाही, वर पोचल्यावर दमलोही नाही, म्हणून ती नाराज झाली. आंबेनळी घाटाच्या पायथ्याकडचा एक मुलगा होता, तो म्हणाला, "मॅडम, किल्ला कुठून चालू होतो?" मॅडम म्हणाल्या, आपण किल्ल्यातच उभे आहोत. तो म्हणाला, "बरं." सगळे हसले. मीही हसले, फोटोत दिसतं.

पुलावर बाकीचे पुतळ्यांना हात लावत होते, मी कठड्याला टेकून नदी बघत होते. मोठी, संथ, कुणाला काही करणार नाही अशी. सावित्री पण उन्हाळ्यात अशीच असते. एवढा विचार मनात आला आणि तिथंच संपला. संध्याकाळी बाबांचा फोन यायचा. जेवलीस का? जेवले. थंडी हाय का? हाय. घराचं ते विचारायचे नाहीत आणि मी सांगायचे नाही.

आमचं हॉस्टेल नदीच्या अगदी जवळ, एका जुन्या इमारतीत. मुलींची खोली आणि स्वयंपाकघर तळमजल्यावर. बुधवारी सकाळी फिरून सगळ्यांचे पाय मोडले होते, आणि रोज ब्रेड खाऊन मुलं रडकुंडीला आली होती, म्हणून मॅडमनी जाहीर केलं, आज दुपारी भात. महाडहून आणलेले तांदूळ होते, डाळ होती, कुणाच्या तरी आईनं दिलेली लसणीची चटणी होती. दुपारी बाराच्या सुमाराला आम्ही सगळे स्वयंपाकघराच्या आसपास घोटाळत होतो. भात शिजत आला होता. बाहेर लख्ख ऊन. आणि भोंगा झाला.

अगदी आमच्यासारखा. एकाच सुरात, लांब, पोटात शिरणारा. त्याच्यानंतर लाउडस्पीकरवरून एक माणूस त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला, ते कुणाला कळणार? आणि खरं सांगायचं तर ऐकत होतं कोण. महाडची मुलं उठली होती. कुणी कुणाला काही म्हणालं नाही. एकीनं शेगडीचं बटण बंद करून वायर काढली. एकजण दिव्यांचा मेन शोधत भिंती चाचपत निघाला. आणखी एकजण दोरी हातात घेऊन ओट्याखाली वाकला होता. तो सिलिंडर शोधत होता, आणि विजेच्या शेगडीला सिलिंडर नसतो हे त्याला कितीतरी वेळ पटेना. मी तांदळाची पिशवी खांद्यावर घेतली होती. पासपोर्ट प्लॅस्टिकमध्ये गेले, बॅगा खोलीतून निघाल्या आणि हातोहात जिन्यावरून दुसऱ्या मजल्यावर चढायला लागल्या. जिन्यात दोन उंच गोरी मुलं भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि आमच्या बॅगा पोटावरून जाऊ देत राहिली.

पोलादपूरची मुलं तोवर हॉस्टेलबाहेर पळाली होती. त्यांच्याकडे पाण्याची भीती नाही, दरडीची आहे. त्यांना घरातल्यांनी शिकवलेलं एकच, काही आवाज झाला की घराबाहेर, उघड्यावर, आणि डोंगराकडे बघायचं. त्यातला एक आंघोळीहून तसाच टॉवेलवर आला होता. आंबेनळीकडचा तो अंगणाच्या मधोमध उभा राहून चारी बाजूंना वळत होता आणि ओरडत होता, "डोंगर कुठल्या अंगाला हाय रे? डोंगर दिसत नाय!" वरून आमचा एकजण खिडकीतून त्याच्यावर खेकसला, "अरे, वर ये!" तो खालून म्हणाला, "तू खाली ये, येड्या! घर अंगावर येईल!" मॅडम स्वयंपाकघराच्या दारात डाव घेऊन उभ्या होत्या आणि काय झालं, काय झालं एवढंच म्हणत होत्या. पुण्यात असं काही शिकवत नसावेत.

मी वर पोचले. तांदूळ खिडकीपाशी ठेवले. आमची सगळी आली का ते बघितलं. आली होती. तरी मला वाटलं, एकजण राहिलं. पुन्हा बघितलं. मग मला कळलं कोण राहिलं, आणि मी जिना उतरून खाली धावले. मला राग आलेला आठवतो. दरवेळचं हिचं हेच. स्वयंपाकघरात शिरत मी म्हणाले, "आई, पुरे आता. चल ना वर."

मॅडम वळल्या. "काय गं?" म्हणाल्या.

ओट्यावर पातेलं होतं, झाकण अर्धवट. भाताची वाफ येत होती. भोंगा थांबला होता. मी दारात उभी होते आणि तिथं मॅडमशिवाय कुणी नव्हतं.

आई नाही हे मला सगळ्यांनी सांगितलं होतं. मी तिला जाताना पाहिलंही होतं. पण ते मला कळलं तिथं, कुठल्या कुठल्या देशात, परक्या स्वयंपाकघरात, वर्ष उलटून गेल्यावर. इतकं दुखलं की मला खाली बसावं लागलं. डाव बाजूला ठेवून मॅडम माझ्याशेजारी फरशीवर बसल्या, आणि भात झाकणाखाली तसाच राहिला. मी रडले का? थोडीशी. आत्याला हवी होती तेवढी नाही. पण डोळ्यांतून पाणी आलं हे खरं.

नंतर हॉस्टेल सांभाळणाऱ्या बाई आल्या. तुटक्या इंग्रजीत त्यांनी सांगितलं, ही चाचणी असते, महिन्यातल्या पहिल्या बुधवारी दुपारी शहरातले सगळे भोंगे वाजवून बघतात. आमच्या बॅगा वर नेलेल्या बघून आधी त्या गोंधळल्या. मग कुणीतरी त्यांना हातानं नदी दाखवली, हात गळ्यापर्यंत नेला, डोक्याच्या वर नेला. बाईंनी आम्हाला बाहेरच्या बोळात नेलं आणि भिंतीवर वर बोट दाखवलं. दगडात एक धातूची पट्टी बसवली होती, तिच्यावर आडवी रेघ. इथपर्यंत पाणी आलं होतं. आमच्यातला सगळ्यात उंच मुलगा तिच्याखाली जाऊन उभा राहिला आणि हात वर करून बघितलं. "आमच्याकडं यापेक्षा वर होतं," तो बाईंना मराठीतच म्हणाला, जरा ऐटीत. बाईंनी मान हलवली. मग सगळ्यांनी बॅगा खाली आणल्या आणि आम्ही जेवलो. अंगणातली मंडळी बऱ्याच वेळानं आत आली, भिंतींकडे संशयानं बघत. भात थंड झाला होता, पण चटणीबरोबर सगळा संपला.

मी जेवताना त्या पट्टीचाच विचार करत होते, आणि पट्टीवरून आमच्या भिंतीचा, आणि भिंतीवरून बाबांचा. प्रागला यायच्या आधीच्याच पावसाळ्यात, आई गेल्यानंतरच्या, भोंगा एकदा झाला होता. पाणी पायरीपर्यंतच आलं. पण आम्ही सगळं नेहमीसारखं केलं. मेन, सिलिंडर, तांदूळ, देव. मी वर गेले आणि बाबा शिडीला हात लावून खालीच उभे राहिले. स्वयंपाकघराकडे तोंड करून. मी वरून हाक मारली, "बाबा, चढा की." ते म्हणाले, "हां, येतो." आले नाहीत. पाणी दारात होतं. मी ओरडले, "बाबा, काय करताय तिथं?" तेव्हा कुठं ते चढले. मला वाटलं होतं, वय झालं, सुचत नाही माणसाला. चिडून मी त्यांच्याशी दोन दिवस धड बोलले नव्हते.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. जेवलीस का? जेवले. आज भात केला होता. बरं केलंत. मग मी विचारलं, "बाबा, पावसात भोंगा झाला होता, तेव्हा तुम्ही शिडीपाशी थांबला होतात ना?"

मला वाटलं फोन कट झाला.

"ती शेवटची चढायची ना," ते म्हणाले.

मी म्हणाले, "हो."

"मला कळतंय गो, ती नाय. पण पाय उचलत नाय."

मी तेव्हा नदीकाठच्या बाकावर बसले होते. समोरून एक होडी दिवे लावून गेली. पाय उचलत नाही, आणि पाणी दारात आहे, आणि मी वरून ओरडतेय, हे चित्र मला पुन्हा पुन्हा दिसत राहिलं. आणि समजा मी घरात नसले तर? समजा ओरडायला कुणीच नसलं तर?

"बाबा," मी म्हणाले, "घर विकूया."

"बरं," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं विचारलं, "दादाकडं भोंगा होत नाय ना?"

"नाय होत."

"बरं," ते पुन्हा म्हणाले, आणि थंडीत बाहेर बसू नकोस, आत जा, म्हणून फोन ठेवला.

उरलेले दिवस आम्ही आणखी पुष्कळ काही बघितलं. एक मोठं देऊळ होतं, रंगीत काचांचं. मुलं म्हणतात मी तिथं सगळ्यांत जास्त वेळ बसले होते. असेन.

दिवाळीनंतर घर दिलं. शेती ठेवली, नाते गावातलाच एकजण कसतो. घर घेणारे चांगले लोक होते. रंगाचे डबे आधीच आणून ओटीवर ठेवले होते. भिंतीवरचा गाळाचा पट्टा आम्ही पुसला नाही. मी स्टूल आणलं होतं, फडकंही ओलं केलं होतं. बाबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे, तिचं काम हाय ते." मी स्टूल टेम्पोत चढवलं. मुंबईच्या सामानात स्टूल कशाला, दादा म्हणाला, पण मी घेतलं.

सगळं सामान गेलं आणि घर रिकामं झालं. खिडकीच्या गजाला सिलिंडरची दोरी तेवढी लोंबत होती. दादा टेम्पोत पुढं जाऊन बसला. मी देवांची पिशवी घेऊन पायरीवर आले आणि मागं वळून बघितलं. बाबा कुलूप हातात घेऊन दारात उभे होते. एक हात चौकटीला, तोंड आत, स्वयंपाकघराकडे.

टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. मी हाक मारली नाही.

"झालं का गो तुझं?" बाबा म्हणाले. नेहमीच्याच आवाजात.

टेम्पोवाल्यानं पुन्हा हॉर्न दिला. दादा उतरून यायला लागला, त्याला मी हातानं थांबवलं. आम्ही दोघं तिथं उभे राहिलो, तिला लागायचा तेवढा वेळ. मग बाबांनी दार ओढून घेतलं.